इतिहासाचं राहू दे, काका

आज सकाळपासून संमतीपत्रांच्या झेरॉक्स काढतोय. "माझ्या पाल्यास शाळेत पाठविण्यास माझी संमती आहे", खाली सहीची रेघ. मशीन तापलं, दोनदा कागद अडकला, तरी आज मूड झकास होता. कोरोनामुळे बंद असलेल्या पुण्यातल्या शाळा आजपासून, १ फेब्रुवारी २०२२ पासून, पुन्हा उघडल्या, आठवीपर्यंत अर्धा दिवस का होईना.

मूड घालवला एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने. आधार कार्ड लॅमिनेट करायला आल्या होत्या. संमतीपत्रांचा गठ्ठा बघून म्हणाल्या, "आम्ही नाही बाई पाठवणार. दोनच महिने तर राहिलेत. आणि ऑनलाइनमध्ये वाईट काय आहे? पोरगं डोळ्यासमोर असतं, वेळेवर गरम खातं."

मी फक्त "वीस रुपये" म्हणालो. काउंटरवर वाद घालायचा नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. फेसबुकबद्दल ते काही बोललेले नाहीत.

ताई, तुमच्या घरी पोराला स्वतःची खोली आहे, वाय-फाय आहे, गरम खायला घालणारं माणूस आहे. माझं दुकान पर्वती टेकडीच्या पायथ्याला आहे. इथे एका बाजूने सोसायट्यांतली गिऱ्हाइकं येतात आणि दुसऱ्या बाजूने जनता वसाहतीतली, म्हणजे टेकडीच्या उतारावरच्या झोपडपट्टीतली. दोन वर्षं दोघांची शाळा मी याच काउंटरवरून बघितली आहे. ती एक नव्हती.

वसाहतीतला एक मुलगा यायचा. कोरोना आला तेव्हा पाचवीत, आता सातवीत. आई लक्ष्मीनगरात चार घरची पोळ्या-भाजी करते. घरात फोन एकच, तो आईबरोबर. तास सकाळी नऊला, आई घरी दुपारी दोनला. म्हणजे हा शाळेत कधी? तर बाई ग्रुपवर वहीच्या पानांचे फोटो टाकायच्या, ते हा दुपारी माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि प्रिंट न्यायला यायचा. फोनची काच तडकलेली, फोटो अंधारे. "काका, मागचं काळं येऊ देऊ नका, अक्षर दिसत नाही."

दिवाळीनंतर एकदा एकोणीस फोटो आले. मागोमाग हा आला, मुठीत दहाची नोट. मी सांगितलं, अडतीस रुपये. तो गप्प. मग माझ्या फोनवर बोटाने फोटो सरकवत म्हणाला, "गणिताची पाच द्या. इतिहासाचं राहू दे, काका."

मी पाच दिली आणि दहा रुपये घेतले.

हो, घेतले. टोनर काय भावाने येतो ते मला माहीत आहे, लॉकडाऊनमध्ये दुकानाचं भाडं कसं भरलं तेही. पण त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. बारा वर्षांचं पोर कुठला विषय परवडतो ते ठरवतंय, आणि मी गल्ल्यात नोट टाकतोय.

मुलांच्या काळजीने शाळा बंद ठेवल्या म्हणतात. मग सगळंच बंद ठेवायचं होतं की! जानेवारीत शाळांना पुन्हा कुलूप लागलं तेव्हा हॉटेलं पन्नास टक्क्यांनी चालू होती, मॉल चालू होते. पन्नास टक्के वर्ग भरवता आला नसता? राज्याने २४ जानेवारीपासून परवानगी दिली, आपण पुणेकर आणखी आठवडाभर थांबलो. या पोराचा हिशोब सांगतो. गेल्या फेब्रुवारीत तीन आठवडे, डिसेंबर-जानेवारीत जेमतेम तीन. दोन वर्षांत एवढीच शाळा. विद्येचं माहेरघर म्हणे.

आज दुकानातल्या टीव्हीवर केंद्राचं बजेट चालू होतं. शाळेच्या मुलांसाठी टीव्ही चॅनेल, बाराची दोनशे करणार. मी मशीन थांबवून ऐकलं. दोनशे चॅनेल! अहो, त्याला चॅनेल नकोय, बाक हवाय. शेजारी कोपर मारणारा मित्र हवाय. "बाई, कळलं नाही" म्हणता यायला समोर बाई हव्यात. त्या बाईंची चूक नाही यात. त्यांनी हाताने पानं लिहून, फोटो काढून रोज पाठवली, कुणी सांगितलं नसताना.

भीती मला कळत नाही असं नाही. गेल्या एप्रिलमध्ये चुलत भावासाठी बेड शोधत रात्रभर फिरलोय आणि सकाळी रिकाम्या हाताने परत आलोय. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी आणखी थांबावं, मी काही म्हणणार नाही. आणि शाळा उघडली की माझा धंदा चालतो, हेही खरं. मित्रमंडळींनी कमेंटमध्ये टोमणे मारायच्या आधी मीच सांगून टाकतो.

पण "ऑनलाइन काय वाईट आहे" हे नका हो म्हणू. निदान माझ्या काउंटरवर नका म्हणू.

असो. रागाने लिहायला बसलो होतो, पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. साडेबाराच्या सुमारास तो आला. गणवेशात. पँट घोट्याच्या वर गेलेली, मास्क हनुवटीवर. निळी रिफिल घेतली, पण जाईना. म्हटलं, काय रे?

"काका, ते इतिहासाचे फोटो अजून आहेत का तुमच्या फोनमध्ये? आईने आमच्यातले उडवले, फोन भरला होता. बाई म्हणाल्या वही पूर्ण करा."

शोधायला दहा मिनिटं लागली. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली, एक जण कुरकुरत निघूनही गेला. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकांमध्ये अडकलेले सापडले. पानिपतचा धडा. ज्या पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी पानिपतनंतर १७६१ मध्ये प्राण सोडला, ती याच्या घरावरच उभी आहे, आणि हाच धडा पोराने पैशासाठी सोडला होता.

चौदा पानं. मागचं काळं काढून, अक्षर गडद करून दिली. पैसे घेणार नव्हतो. पण तो म्हणाला, "रिफिलचे पाच, आणि हे मागचे," आणि वीसची नोट काचेवर ठेवून पळाला. त्याचे पंधरा रुपये परत करायचे राहिलेत. उद्या साडेबाराला तो परत इथूनच जाईल.