निळी चौकट आणि बिचारा डिव्ह

नमस्कार. वेबपानावरची बटणं सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) कशी सजवावीत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. तुमचं म्हणणं असं, की ब्राउझरने दिलेलं बटणाचं मूळ रूप पुसत बसण्यापेक्षा सरळ डिव्ह, म्हणजे एचटीएमएलचा साधा रिकामा डबा घ्यावा, त्यावर क्लिक लावावं आणि निवडलेल्या बटणाभोवती ब्राउझर काढतो ती निळी चौकट क्लायंटला खटकते म्हणून 'आउटलाइन: नन' (बाहेरची रेघ नको) लिहून मोकळं व्हावं. शिवाय मोबाइलच्या जमान्यात होव्हरचं, म्हणजे माउस वर नेल्यावर रंग बदलण्याचं एवढं कौतुक कशाला?

चौकट शोभेसाठी नसते. टॅब दाबत पानावर फिरणाऱ्याला आपण कुठे आहोत हे तिच्यावरूनच कळतं. आणि गंमत म्हणजे आता ब्राउझर स्वतःच 'फोकस-व्हिजिबल' पाळतात, म्हणजे बटणाभोवतीची चौकट कीबोर्डने फिरतानाच दाखवतात. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तर माउसने क्लिक करणाऱ्या क्लायंटला बटणाभोवती चौकट दिसतच नाही. दिसत असेल, तर कुठल्या तरी जुन्या थीममध्ये साध्या 'फोकस'वर (बटण कसंही निवडलं तरी लागू होणारा) नियम लिहिलेला असणार. तो शोधा आणि 'फोकस-व्हिजिबल'वर न्या. सफारी 15.4 मध्ये, म्हणजे 2022 साली, हा सिलेक्टर (नियम कशाला लागू हे सांगणारी खूण) आला आणि सबबच संपली. रंग आवडत नसेल तर बदला की! 2 पिक्सेलची आउटलाइन, 2 पिक्सेलचा ऑफसेट (बटणापासूनचं अंतर), ब्रँडचा गडद रंग, छान दिसतं. फक्त आउटलाइनऐवजी नुसत्या बॉक्स-शॅडोवर, म्हणजे सावलीवर विसंबू नका. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये (मोजक्या, ठळक रंगांच्या सोयीत) सावली गायब होते. सावलीच हवी असेल तर सोबत पारदर्शक आउटलाइन ठेवा, तिथे तिला आपोआप रंग चढतो.

आता डिव्ह. त्यावर टॅब जात नाही, म्हणून टॅबइंडेक्स हा गुणधर्म लावा. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला बटण म्हणत नाही, म्हणून 'हे बटण आहे' असं सांगणारा रोल. एंटर चालत नाही, म्हणून जावास्क्रिप्ट. आणि स्पेस दाबलं की पानच खाली सरकतं, तेही अडवा. एवढी उठाठेव करण्यापेक्षा बटणाची बॉर्डर आणि बॅकग्राउंड काढणं दोन ओळींचं काम आहे. तिसरी ओळ 'फॉन्ट: इनहेरिट', कारण बटण पानाचा फॉन्ट उचलत नाही, मराठी साइटवर हे लगेच डोळ्यांत खुपतं. उंची ठरावीक ठेवू नका, पॅडिंग द्या, नाहीतर 'पूर्ती'चा रफार नाहीतर उकार कापला जातो.

होव्हरचा मुद्दा मात्र रास्त. टचवर बोट उचललं तरी होव्हरचा रंग चिकटून राहतो. म्हणून ते नियम 'होव्हर: होव्हर' या मीडिया क्वेरीत (उपकरणाला होव्हर जमत असेल तरच लागू होणाऱ्या अटीत) टाकायचे, दाबल्याची जाणीव 'ॲक्टिव्ह'वर, म्हणजे बटण दाबलेलं असतानाच्या नियमात द्यायची. लेखात हा तुकडा जोडतो आहे.