टिप देणारा कशावर जगतो?

"आजची टिप, शंभर टक्के खात्री!" असं सामन्यांवर पैजा लावणाऱ्यांसाठी कुणी छातीठोकपणे लिहिलं की माझा एकच प्रश्न असतो: भाव काय होता, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या पैशावर किती मिळणार होते? यावर सहसा उत्तर येत नाही.

हँडिकॅपर हा शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. त्याचं काम अंदाज सांगण्याचं नव्हतंच. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचं, कमजोर घोड्यावर कमी, म्हणजे सगळे बरोबरीत पळतील. निकाल कुणालाच ओळखता येऊ नये म्हणून राबणारा माणूस. आणि आज निकाल ओळखून देतो म्हणणारे तेच नाव लावून फिरतात!

असो. हिशेब बघा. अमेरिकेत नेहमीचा भाव असा की 110 लावा, जिंकलात तर ते परत आणि वर 100 मिळतील. अशा शंभर पैजांपैकी 52 बरोबर आल्या तर मिळाले 5200, गेले 48 गुणिले 110 म्हणजे 5280. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येऊनही 80 चा तोटा. बरोबरीत यायलाच सुमारे 52.4 टक्के लागतात. म्हणून वर्षानुवर्षं 55 टक्के टिकवणारा माणूस मोठा कसबी. 80-90 टक्क्यांच्या जाहिराती करणाऱ्याला एकतर गणित येत नाही, नाहीतर तुम्हाला येत नाही हे त्याला ठाऊक आहे.

"पण त्याचे सलग सहा बरोबर आले!" येणारच. 6400 लोकांना मेसेज पाठवा, निम्म्यांना 'अ' जिंकेल, निम्म्यांना 'ब'. चुकले ते सोडा, उरलेल्यांना पुन्हा तसंच. सहा सामन्यांनंतर 100 जण तुम्हाला देव मानत असतील. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामने बरोबर सांगितले होते, आणि त्याने फी घेतली नव्हती.

खरी गोम पुढे आहे. बरेच टिपस्टर आपल्या लिंकवरून आलेल्या ग्राहकांच्या *हरलेल्या* पैशातला वाटा बेटिंग कंपनीकडून घेतात. तुम्ही हरलात तर त्याचं घर चालतं. हे कळल्यावर मी टिपांचे सगळे ग्रुप सोडले.

जाणकार नसतातच असं नाही. बिल बेंटर या अमेरिकी पैजबाजाने हाँगकाँगच्या शर्यतींसाठी संगणकी मॉडेल बांधलं, 1994 साली त्याची पद्धत लिहून प्रसिद्धही केली. त्यातली गंमत म्हणजे लोकांनी लावलेला भाव मॉडेलमध्ये मिसळल्यावर अंदाज आणखी सुधारले. म्हणजे त्यानेही गर्दीला मूर्ख धरलं नाही. आणि कमाई टिपा विकून नव्हे, स्वतः पैसे लावून केली.

मला पटतो तो अंदाज सांगणारा "जिंकण्याची शक्यता 60 टक्के" असं लिहितो, भाव लिहितो, चुकलेली पोस्ट उडवत नाही. अशा शंभर अंदाजांत चाळीसच्या आसपास चुकले तरच तो बरोबर! त्याच्या पोस्टला लाइक मात्र बाराच.