दाविद फोन्सेका "संपला" म्हणे. कधी?

पोर्तुगीज म्युझिकचा विषय निघाला की हे ठरलेलं वाक्य येतंच, "तिकडे फादो (म्हणजे तिथलं पारंपरिक, हुरहुर लावणारं गाणं) सोडून आहे काय, तो दाविद फोन्सेका तर इंग्रजीत गाणारा, बँड होता तोवर चालला, मग एकटा पडला आणि संपला." एका दमात चार चुका! म्हटलं आज एकेक काढूच.

आधी इंग्रजीचं. इंग्रजीत गातो म्हणून त्याच्याच देशात कोणी विचारलं नाही असं वाटत असेल तर उलटं आहे. त्याचा बँड सायलेन्स फोर, लैरिया शहराचा, म्हणजे राजधानी लिस्बनचासुद्धा नाही. १९९८ ला पहिला अल्बम आला 'सायलेन्स बिकम्स इट', जवळपास सगळा इंग्रजीत, आणि खुद्द पोर्तुगालमध्ये दोन लाखांवर कॉप्या खपल्या. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे पन्नास माणसांमागे एक कॉपी, चाळीच्या प्रत्येक मजल्यावर एक धरा. आणि त्याच अल्बमवर सेर्जियो गोदिन्योसारखा जुना जाणता पोर्तुगीज गायक पोर्तुगीज गाण्यात सोबत आहे, तेवढं मात्र कोणी सांगत नाही.

"एकटा पडला" याचं तर मला हसूच येतं. २००३ च्या पहिल्या सोलो अल्बमवर बरीचशी वाद्यं त्याने स्वतः वाजवली, कोणी मिळालं नाही म्हणून नव्हे. आणि हे काम सोपं वाटतं का? बँडमध्ये बेसवाला ड्रमरकडे बघून ठेका पकडतो, इथे ड्रम तुम्हीच आधी वाजवून ठेवलेत, कुठे हात जरा पुढे पळाला असेल तर बेस घेऊन स्वतःच्याच चुकीमागे धावा, वर गिटार, वर आवाज. करून बघा एकदा.

संपला? २००५, २००७, २००९ ला अल्बम, २०१२ ला एकाच वर्षात दोन, मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक (मला ते दोन्ही थोडे लांबलेले वाटतात, पण संपलेला माणूस असं करत नाही), २०१४ ला जुना बँड परत स्टेजवर, २०१५ ला अख्खा पोर्तुगीज अल्बम 'फुतुरो एउ'.

राहिला फादो. लिस्बनचा न्हावी आन्तोनियो वारियासोंइश, पुढे मोठा गायक झाला, १९८४ मध्ये गेला आणि मागे कॅसेटवर गाणी राहिली, कधी बाहेर न आलेली. वीस वर्षांनी ती गाणी घेऊन 'उमानोस' नावाचा ग्रुप उभा राहिला, गाणारे तिघं, क्लां बँडची मानुएला आझेव्हेदो, आपला फोन्सेका आणि तिसरा कामाने, जो पक्का फादोवाला आहे. २००४ चा तो अल्बम लावा आणि फादो कुठे संपतो, रॉक कुठे सुरू होतो ते मला दाखवा.