‘लावा आणि विसरून जा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल, एका कुजलेल्या अगेव्हच्या मालकाकडून

तीन आठवडे झाले, आधी आमच्या तालमीच्या ग्रुपवर, मग कॉलनीच्या, मग भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर, एकच मेसेज फिरतोय. वर कुठल्यातरी परदेशी बंगल्याचा फोटो, दारात माणसाएवढं अगेव्ह, म्हणजे जाड, काटेरी टोकांच्या पानांचं झाड, आणि खाली मजकूर: मोठे सक्युलंट (अंगात पाणी साठवणारी जाड पानाखोडाची झाडं), निवडुंग, शेर काहीही लावा आणि विसरून जा, पाणी नको, खत नको, कीड लागत नाही, कुठल्याही मातीत येतात, खड्ड्याच्या नाहीतर कुंडीच्या तळाला खडी टाकली की झालं, पहिल्या पावसात लावा, कडक उन्हात ठेवा, रात्री ऑक्सिजन देतात, डास पळतात, 100 वर्षांनी फूल येतं. शेवटी हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

मी नाही पाठवला. दोन वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ सगळं मी स्वतः करून बसलोय.

खडीपासनंच सुरू करतो, कारण माझं झाड त्यानंच गेलं. आमचं घर कोल्हापुरात कळंब्याकडं, अंगणात काळी माती. अडीच फुटाचा खड्डा काढला, तळाला फूटभर खडी, वर वाळू-माती, आणि त्यात नर्सरीतनं आणलेलं चांगलं गुडघ्याच्या वरचं अगेव्ह, निळसर पानं, बघत बसावं असं. जूनमध्ये झकास होतं. जुलैत सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतं, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आणि मी छत्री घेऊन माझ्या खड्ड्यातली पातळी बघत होतो. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातनं पाणी खाली सरकायचं नाव घेत नाही, म्हणजे तिच्यात खड्डा काढून आपण खडी-वाळू भरली की तो निचरा नसतो, हौद असतो, आणि अख्ख्या अंगणाचं पाणी वाट मिळेल तसं त्या हौदात उतरतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती बंद झाली की बुरशीला रान मोकळं. ऑगस्टच्या सुरुवातीला मधला कोंब जरा तिरका वाटला म्हणून धरला तर तो हातातच आला, सुरीनं लोण्यातनं काढावा तसा, खाली तपकिरी बुळबुळीत आणि वास असा की दोनदा साबण लावला तरी जेवताना हाताला येत होता.

मी तिथं उकिडवा बसलेला बघून शेजारचे आबा कुंपणापाशी आले. “काय करालाईस रं?” म्हटलं, अगेव्ह कुजलं आबा. त्यांनी वाकून बघितलं. “ह्ये तर केकताड की.” आता घायपात म्हणा, केकताड म्हणा, नर्सरीत त्याला अगेव्ह म्हटलं की किमतीला एक शून्य वाढतं एवढाच फरक. (जात थोडी वेगळी असती, पण कुळ तेच.) आबांच्या लहानपणी त्याची पानं ठेचून, पाण्यात भिजत घालून वाख, म्हणजे धागा, काढायचे आणि त्याची दावी, कासरे वळायचे. “केकताड बांधाला लावत्यात, वाफ्यात कोण लावतंय? पाण्यात घालत्यात ते वाख काढाय, जगवाय न्हाई.”

मी जे खर्च करून शिकलो ते आबांना दहाव्या वर्षी माहीत होतं. बांध म्हणजे उंच, मुरमाड, दोन्हीकडं उतार, पाऊस कितीही पडू दे, पाणी थांबत नाही. आता काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की कोल्हापूरच्या पावसात ही झाडं जमतच नाहीत, ते पण खरं नाही. शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडतो, आणि तिथल्याच कड्याकपारीत निवडुंग कुणी न लावता उभे असतात. खाली खडक, पाणी आलं तसं वाहून गेलं. पडलेल्या पाण्यानं झाड मरत नाही, साचलेल्या पाण्यानं मरतं.

म्हणून खड्डा काढूच नका. जमिनीवर दीड-दोन फूट उंच ढीग करा, निम्म्याहून जास्त मुरूम, वीटभट्टीवरचे विटांचे बारके तुकडे, थोडी माती, एखादं घमेलं जुनं शेणखत, आणि झाड त्या ढिगाच्या डोक्यावर, खोडाचा गळा (मुळं सुरू होतात ती जागा) मातीच्या वर राहील असं. एक सांगायचं राहिलं, शिरोलीकडनं फौंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, टाकाऊ काळी वाळू कुणी फुकट देतो म्हणाला तर घेऊ नका, साच्याच्या वाळूत बेंटोनाइट म्हणजे चिकणमातीच मिसळलेली असते आणि कोळशाची भुकटी पण, निचरा व्हायच्या ऐवजी अजून घट्ट बसते.

कुंडीच्या तळाला खडी, हे तर आपल्या सगळ्यांच्या आयांनी केलंय, त्यामुळं पटायला जड जातं. भांडी घासायचा स्पंज घ्या, पूर्ण भिजवा, आडवा धरा. ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, अजून पाणी गळतं. माती तशीच वागते. तळाशी ओलीगच्च पट्टी राहतेच, खाली भोक असलं तरी, कारण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, माती गच्च झाल्यावरच उतरतं. मग तळाला खडी टाकून काय केलं आपण, ती गच्च पट्टी उचलून मुळांच्या अजून जवळ आणून ठेवली. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवा माती सांडू नये म्हणून, बाकी वरपासनं खालपर्यंत एकच भरड मिश्रण. खडी वरनं पसरा, तिथं ती शोभते पण आणि पावसाचा चिखल पानांवर उडत नाही.

“पहिल्या पावसात लावा.” मृगात झाड लावायचं हे आपल्या हाडात बसलंय, आंब्याला, फणसाला ते बरोबरच आहे. पण नर्सरीतनं उपटताना सक्युलंटची मुळं तुटतात, त्या ओल्या जखमा घेऊन त्याला चार महिन्यांच्या चिखलात उभं करणं म्हणजे कठीणच. ही झाडं दिवाळीच्या सुमाराला लावायची. आधी मुळं झाडून आठवडाभर सावलीत कोरडी पडू द्यायची (मरत नाही, दाराला उलटी टांगलेली कोरफड महिनोन्‌महिने हिरवी राहते ती बघितलीच असेल), मग लावायचं, आणि लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही.

दिवाळीचा दुसरा फायदा उन्हाचा. मेसेजमधलं ‘कडक उन्हात ठेवा’ अर्धं खरं आहे, ऊन पाहिजेच, पण नर्सरीतलं झाड हिरव्या नेटखाली वाढलेलं असतं, त्याला एप्रिलमध्ये आणून थेट दुपारच्या उन्हात ठेवलं की दोन-तीन दिवसांत पानं आधी पांढुरकी आणि मग तपकिरी भाजतात. जास्वंदीचं पान भाजलं तर गळून नवीन येतं, अगेव्हचं पान कित्येक वर्षं अंगावर राहतं, डागासकट. नोव्हेंबरात लावलं तर ऊन हळूहळू चढत जातं, झाड पण सवय करून घेतं. उन्हाळ्यातच आणलं असेल तर जुनी साडी किंवा नेटचा तुकडा दुपारपुरता, तीन आठवडे.

पाणी नको म्हणे. मुरलेलं, जुनं, जमिनीतलं घायपात मे महिना कोरडा काढतं, मान्य. पण नवीन लावलेल्याला पहिला उन्हाळा दहा-पंधरा दिवसांतनं एकदा सणसणीत पाणी पाहिजे, आणि कुंडीतल्याला त्याहून आधी, हात घालून खालपर्यंत कोरडं लागलं की. ‘न मरणं’ आणि ‘वाढणं’ यात फरक आहे. सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट 2021 मध्ये दुबईला गेलं, ते पण कॅक्टसच की, पण ते घेणारे शेतकरी झाड उंच बेडवर लावतात आणि ड्रिप टाकतात. ‘लावा आणि विसरा’ म्हणून बघा त्यांना.

“कीड लागत नाही.” याला काय म्हणायचं. भारतातला एक निवडुंग किडीनंच साफ झाला होता. 1795 मध्ये ब्राझीलहून कलकत्त्याला कोचिनील किडे आणले, लाल रंग काढायचा धंदा करायला म्हणून, पण आणले ते रंगाचे खरे किडे नव्हतेच, त्यांचे हलक्या प्रतीचे भाऊबंद निघाले, रंगाचा धंदा बसला आणि त्या किड्यांनी माजलेला निवडुंग मात्र खाऊन संपवला. म्हणजे चुकून झालेलं तणनियंत्रण. तुमच्या फड्या निवडुंगावर कापसाचे पुंजके दिसले तर एक नखानं चिरडून बघा. बोट कुंकवासारखं लाल झालं तर ते कोचिनील, नाहीतर साधा पिठ्या ढेकूण. दोन्हीला आधी पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना टूथब्रश, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घालून, संध्याकाळी, उन्हात नाही.

खत: थोडं लागतं. युरिया नको. आपल्याकडं ऊसवाल्याचा हात युरियाकडं आपोआप जातो, त्यानं झाड फुगतं, मऊ पडतं आणि पावसात पहिल्यांदा तेच सडतं.

ऑक्सिजन: ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, ऑक्सिजन तयार होतो दिवसा, उजेडातच. आणि अंगणातल्या उघड्या हवेत त्याचा हिशेब कशाला पाहिजे.

डास: अगेव्हच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साचतं. साचलेल्या पाण्यात डास होतात, ते पान आहे की जुना टायर हे डासाला बघायचं नसतं. पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा पाइपनं ते पाणी उडवून लावा, त्यात पडलेला पालापाचोळा पण निघतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त खटकली. ‘निवडुंग, शेर काहीही लावा’ म्हणतोय आणि चिकाबद्दल अवाक्षर नाही. साबर, त्रिधारी निवडुंग, शेर हे कॅक्टस नव्हेतच, ते युफोर्बिया नावाच्या वेगळ्याच गटातले, फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळा सुजून काही दिवस दिसायचं बंद होऊ शकतं. छाटताना चष्मा आणि हातमोजे घाला, चीक उडालाच तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि सरळ डॉक्टरकडं जा, घरगुती उपाय नको. घायपाताच्या रसानं पण कातडीला खाज आणि फोड येतात. त्याची टोकं तर विचारूच नका, पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर येतात ती. नेलकटरनं फक्त काळं टोक तोडलं तर झाडाला काही होत नाही, मी सगळी तोडलीत, बायको म्हणाली झाडाचं पण मॅनिक्युअर सुरू झालं का.

राहिलं 100 वर्षांचं फूल. 10 ते 30 वर्षांत येतं बहुतेक वेळा, विजेच्या खांबासारखा दांडा उभा राहतो, आणि फुलून झालं की ते झाड मरतं. म्हणजे फाटकाच्या कडेला हौसेनं लावलेलं, दीड-दोन मीटर उंच आणि त्याहून रुंद झालेलं काटेरी धूड एक दिवस तुम्हालाच कापून काढायचंय, तेव्हा वाटेपासनं निदान सहा-सात फूट आत लावा. बुडाला पिल्लं मात्र राहतात.

माझं तर फुलायच्या कितीतरी आधीच कुजलं, पण त्याच्या कडेला सात पिल्लं निघाली. तीन ढिगावर लावली, गेला अख्खा पावसाळा उभी राहिली, एका पानाला पण डाग नाही. चार कुंड्यांत आहेत, कुणाला पाहिजे असतील तर देतो, फुकट. फक्त आत्ता जूनच्या तोंडावर मागायला येऊ नका, दिवाळीनंतर या, आणि येताना मुरमाचा ढीग करून ठेवलेला फोटो दाखवा.