बंद पडणाऱ्या गाडीचं जतन आणि संवर्धन

गाडी वीस मिनिटं झकास चालते, मग आचके देत बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी एका किकमध्ये सुरू होते? अभिनंदन. असा बिघाड सगळ्यांच्या नशिबी नसतो. तो चुकून सापडू नये म्हणून थोडं पथ्य मात्र पाळावं लागेल.

गाडी बंद पडली तेव्हा इंजिन तापलेलं होतं का, हँडल वळवलेलं होतं का, पाऊस होता का, यातलं काही लक्षात ठेवू नका. लिहून तर मुळीच ठेवू नका. मेकॅनिकला 'मध्येच बंद पडते' एवढंच सांगा. त्याच्यासमोर ती बंद पडणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि गाडीलाही.

मग पार्ट बदलायला घ्या. प्लग, इग्निशन कॉइल, सीडीआय (ठिणगीसाठी वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), सगळं एकाच दिवशी. एकेक बदललं तर कशानं फरक पडला ते कळून बसतं. सुरुवात सर्वांत महागड्या पार्टापासून करावी, मनाला बरं वाटतं. बॅटरीच्या अर्थिंगचा बोल्ट मात्र हलवून बघू नका. सैल निघाला तर केलेला सगळा खर्च पाण्यात.

मल्टिमीटरला घरात थारा देऊ नये. त्याला भीडभाड नसते. इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवले, की चार्जिंगवर संशय घ्यायची सोयच उरत नाही. आणलाच असेल, तर ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी पिकअप कॉइल गार असताना मोजा आणि 'ओके' म्हणून सोडून द्या. गार असताना ठणठणीत असलेली कॉइल तापल्यावर आतून तुटू शकते, म्हणून ती गरम असतानाच मोजावी, असं म्हणणारे लोक भेटतील. चटके त्यांना बसू द्यावेत.

राहिलं टाकीचं झाकण. कार्ब्युरेटरच्या गाडीत खरा धोका इथे आहे. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं; पेट्रोल खाली उतरेल तशी तिथून हवा आत यायला हवी. ते धुळीनं बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल अडतं आणि इंजिन उपाशी मरतं. थोडं थांबलात की कुठून तरी हवा शिरते आणि गाडी पुन्हा तयार. त्यामुळे गाडी बंद पडल्यापडल्या झाकण उघडू नका. 'फुस्स' आवाज आला आणि लगेच सुरू झाली, तर इतक्या दिवसांच्या साधनेचं काय? टाचणीनं बरा होणारा आजार चारचौघांत सांगायचा तरी कसा!

कंटाळून विकायलाच काढली, तर गिऱ्हाइकाला ट्रायल इंजिन गार असताना द्या आणि कोपऱ्यापर्यंतच द्या. 'पेट्रोल किती आहे बघू' म्हणाला, तर तोंडी सांगा.