थारची जमीन रिकामी नाही

राजस्थानात एखादा सोलर पार्क मंजूर झाला की 'ओसाड जमिनीचं सोनं झालं' अशा पोस्ट फिरायला लागतात. मला दरवेळी वाईट वाटतं, कारण ती जमीन ओसाड नसते. तिच्यावर कुणाच्या तरी मेंढ्या, गाई, उंट चरत असतात.

थारमध्ये उद्योग येऊच नयेत, असं मी म्हणत नाही. एवढं ऊन असलेल्या मुलखात वीज तयार करणं शहाणपणाचंच. भादल्याच्या पार्कची क्षमता तब्बल २,२४५ मेगावॉट आहे. बाडमेरला तेल आहे, लिग्नाइट आहे. पण पॅनेल एकदा बसली की स्थानिकांच्या वाट्याला येतं ते बहुतेक धुण्यापुसण्याचं आणि पहाऱ्याचं काम, तेही थोड्यांनाच. कुंपणाआड गेलेलं कुरण मात्र सगळ्या गावाचं जातं.

जैसलमेरकडची ओरणं म्हणजे तिथल्या देवराया. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली. पाऊस झाला की वाळलेलं सेवण गवत पुन्हा फुटतं. खेजडी म्हणजे आपली शमी. तिचा पाला जनावरांना आणि शेंगा, म्हणजे सांगरी, माणसांना. दुष्काळात गाव यावरच तगतं. पण कित्येक ओरणांची महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदच नाही. कागदावर ती सरकारी पडीक, म्हणून वाटायला मोकळी! डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मोजणी करून नकाशे तयार करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. फार आधी व्हायला हवं होतं हे. आणि माळढोक? दीडशेच्या आसपास उरलेला हा जड पक्षी समोरची वीजवाहिनी वेळेत दिसत नाही म्हणून आदळून मरतो.

घाईची किंमत थारने एकदा मोजली आहे. १९५८ साली काम सुरू झालेल्या इंदिरा गांधी कालव्याने हनुमानगड-बिकानेरकडे गहू, कापूस, मोहरी पिकवली, हे खरंच मोठं काम. पण काही भागांत वाळूखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा कठीण थर आहे. भरमसाट दिलेलं पाणी त्यावर अडलं, वर चढलं, सोबत क्षार घेऊन आलं आणि जमिनी चिबड झाल्या. तिकडे याला 'सेम' म्हणतात. वाळवंटातली शेतं पाणी साचून गेली! वरचा उतार मोजला, पण खालच्या थराकडे पुरेसं लक्ष दिलं नाही.

आता तसंच पुन्हा नको. ओरणांची मोजणी पूर्ण होईपर्यंत त्या भागातलं नवं जमीनवाटप थांबवा. प्रकल्पाच्या उत्पन्नात ज्यांचं कुरण गेलं त्या पशुपालकांचा कायमचा वाटा ठेवा. एकरकमी भरपाई चार वर्षांत संपते. आणि पार्क उभारतानाच खालच्या जमिनीचा विचार करा. जोधपूरच्या काझरी या संशोधन संस्थेने पॅनेलच्या रांगांमध्ये मूग-मटकी घेऊन दाखवली आहे. पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवायचं आणि तेच पॅनेल धुवायला, पिकाला वापरायचं, अशी त्यांची सोय आहे. ही अट प्रत्येक नव्या करारात घालता येईल.