सैतानाला श्रेय देणं बंद करा

लॉस एंजेलिसच्या ‘द गन क्लब’ या पंक बँडच्या ‘फायर ऑफ लव्ह’ (1981) या अल्बमवरची एक पोस्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. गिटार शिकणाऱ्या भाच्याने ती मलाही पाठवली, खाली ‘मामा, भारी ना?’ असं लिहून. डोंबलाचं भारी! पोस्टचं म्हणणं असं: अल्बममधलं ‘प्रीचिंग द ब्लूज’ हे गाणं मुळात ज्या जुन्या काळ्या गायक-गिटारवादकाचं, त्या रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि त्या बदल्यात त्याचा हात गिटारवर बसला, ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) वेगात वाजवला की पंक होतो, कंट्री (तिथल्या गावाकडच्या गोऱ्यांचं संगीत) आणि ब्लूजचा एरवी काही संबंध नाही, हे सगळं गोऱ्यांनी काळ्यांचं चोरलं, आणि वर एक फुकटची टिप.

आधी सैतान, कारण डोकं फिरतं ते त्यानेच. आत्मा विकल्याची ती गोष्ट मुळात दुसऱ्याच ब्लूज गायकाची, टॉमी जॉन्सनची. त्याचा भाऊ लडेल याने ती संशोधक डेव्हिड इव्हान्स यांना सांगितली आणि इव्हान्स यांनी टॉमीवरच्या 1971 च्या पुस्तकात छापली. आडनाव एकच, म्हणून ती रॉबर्टला चिकटली. गंमत अशी की ‘फायर ऑफ लव्ह’मध्ये टॉमीचंही गाणं आहे, ‘कूल ड्रिंक ऑफ वॉटर’. एकाच रेकॉर्डवर दोन जॉन्सन, पोस्टवाल्याला दिसला एकच.

बरं, रॉबर्टचं ‘क्रॉस रोड ब्लूज’ तरी ऐकायचं. त्यात माणूस गुडघे टेकून देवाकडे दया मागतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो. सैतान औषधालाही नाही. त्याच दिवशी, 27 नोव्हेंबर 1936 ला, सॅन अँटोनियोत त्याने ‘प्रीचिंग ब्लूज’ही रेकॉर्ड केलं आणि त्याच्या उपशीर्षकात सैतान आहे, एवढं मान्य करतो. पण ते आलं सन हाउस या ब्लूज गायकाच्या 1930 च्या रेकॉर्डवरून, आणि सन हाउस स्वतः चर्चमध्ये प्रवचनं देत असे. रॉबर्ट शिकला आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडून, रात्री-बेरात्री बसून. त्या रियाजाचं श्रेय सैतानाला देऊन वर ‘गूढ प्रतिभा’ म्हणायचं, हा काळ्या कलाकाराचा निव्वळ अपमान आहे.

आता वेग. ब्लूजच्या ‘शफल’ नावाच्या झोक्यात एका ठोक्याचे तीन भाग होतात. पहिला स्वर दोन भाग धरायचा, दुसरा एक. मिनिटाला 120 ठोके असताना हा झोका छान कळतो. 200 वर न्या, की छोट्या स्वराला जेमतेम सेकंदाचा दहावा भाग उरतो. हात गडबडतो आणि कानाला सगळं सपाट लागतं. म्हणून पंकमध्ये बहुधा ठोक्याचे सरळ दोन समान भाग करतात आणि गिटारवर सगळे स्ट्रोक खाली मारतात. ब्लूज उरतो तो स्लाइडच्या (तारांवर सरकवायच्या नळीच्या) लकेरीत आणि गाणाऱ्याच्या उतरत्या गंधारात. शिवाय याच अल्बममधलं ‘कूल ड्रिंक ऑफ वॉटर’ सहा मिनिटं रांगत चालतं. ते मग पंक नाही का?

कंट्रीचा संबंध नाही म्हणे! कंट्रीचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्स मिसिसिपीचा, आणि त्याची ‘ब्लू योडल’ गाणी म्हणजे सरळसरळ ब्लूजच्या ठरलेल्या साच्यातला, बारा मात्रागटांचा ब्लूज.

चोरीचा मुद्दा अर्धा खरा आहे. याच अल्बमच्या ‘फॉर द लव्ह ऑफ आयव्ही’मध्ये काळ्या लोकांसाठीची घाणेरडी शिवी आहे, आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण ‘गोरी पोरं’ म्हणताना गायक जेफ्री ली पिअर्सची आई मेक्सिकन-अमेरिकन होती, हेही माहीत असू द्या.

राहिली टिप: ‘तारा ओपन ए मध्ये लावा, बाटली फिरवा, झालं.’ बाटली म्हणजे स्लाइडच, आणि ‘ओपन’ म्हणजे कुठलीही तार न दाबता छेडलं तरी पूर्ण कॉर्ड वाजेल अशा तारा लावणं. ओपन ए साठी चौथी, तिसरी आणि दुसरी तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर चढवावी लागते. जुन्या तारा तुटतात, स्वस्त गिटारच्या मानेवर ताण येतो. त्यापेक्षा ओपन जी लावा: सहावी, पाचवी आणि पहिली एक स्वर उतरवायची, की जाड तारेपासून डी-जी-डी-जी-बी-डी मिळतं. ए हवा असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा). 9 च्या बारीक तारांवर (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्लाइड फ्रेटला आपटून खडखडते; 11 चा सेट घ्या, ब्रिज किंचित उचला. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर धरा, दोन पट्ट्यांच्या मधे धरलीत तर स्वर उतरलेलाच लागणार. स्लाइडच्या मागचं बोट तारांवर हलकं टेकवून ठेवा, नाहीतर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणं) लावल्याबरोबर न वाजवलेल्या ताराही किंचाळतात. आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण, वाटतो त्याच्या निम्माच ठेवा.